एकमुखी स्वागत? माझे मुख त्यात नव्हते

मा. शालेय शिक्षण मंत्री,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार. ऐरोली-दिघा पट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेत मी २१ वर्षे इतिहास-राज्यशास्त्र शिकवते.

गेल्या महिन्यात ठाण्यात आमचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. विषय होता माध्यमिक शाळांत जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण. शेवटी व्यासपीठावरून सांगितले, "मोकळेपणाने मते लिहा, जशीच्या तशी वर जातील." आम्ही शहाण्यासारखे लिहीत बसलो. माझी साडेतीन पाने झाली. परवा परिपत्रक आले. शिक्षकांनी उपक्रमाचे एकमुखाने स्वागत केले आहे, सबब दर शनिवारी ग्रंथालयाच्या तासाला तो राबवावा आणि जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो त्याच दिवशी अपलोड करावेत.

विषयाला विरोध कुणाचाच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत, लक्ष्य ४.७ मध्ये तो आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. आणि नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे, मानवी हक्क, निर्वासित हे सगळे आधीपासून आहेच. जेवणाच्या सुट्टीत बहुतेकांचे म्हणणे एकच होते की नवा तास नको, आहे तो धडा नीट शिकवायला उसंत द्या. एक सर कुरकुरले, आधी पोरांना वॉर्डाचे नागरिक तर होऊ द्या. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाले, पोरांना तिथे नेऊन उभे केले की निम्मे काम झाले. त्यांचा क्षेत्रभेटीचा अर्ज दिवाळीपासून कुठल्यातरी टेबलावर हवा खातो आहे. हे सगळे कागदावर दिले होते, साहेब. रद्दीत तरी नीट गेले का?

आता माझ्या वर्गातले जग सांगते. नववी ब, हजेरीपटावर ६८. निर्वासितांचा परिच्छेद चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग मी कोण?" वडील घणसोलीत एका सोसायटीत वॉचमन, मूळचे नेपाळचे. वर्ग हसला. तो मात्र कंपासपेटीचे झाकण उघडत-मिटत बसला. मला काही बोलता येईना, कारण उत्तर ठाऊक होते. विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी पोर्टलच्या लेखी तो कुणीच नाही. आधार जुळत नाही, म्हणून संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, धरला जात नाही. रोज पहिल्या तासाला "हजर बाई" म्हणतो, तरी नाही. अशी आमच्या शाळेत ११ मुले आहेत. ती मोजली नाहीत की पट घसरतो, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त, आणि या खेपेला यादीत माझे नाव वर आहे. म्हणजे जागतिक नागरिकत्व शिकवायचे मी, आणि परदेशातून आलेले पोर वर्गात बसवल्याची किंमतही मोजायची मीच.

मी बीएलओसुद्धा आहे, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी फिरणारी बूथ अधिकारी. गुडघे गेलेत, तरी चार मजले चढून लोकांना "फोटो द्या, फॉर्म भरा" करत फिरते. एका घरातून कुत्रे अंगावर सोडले होते. घरी आले तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाट पाहत असतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की अशैक्षणिक कामे म्हणजे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, बस. माझ्या डायरीत यंदा वर्गाबाहेर गेलेले ५३ दिवस भरले. चूकभूल द्यावी घ्यावी, काही अर्धे दिवस मी रागाने पूर्ण धरलेत. आमच्याकडे नवी लागलेली मुलगी शिक्षण सेवक आहे, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर, महिना १८ हजार. दुपारी जागतिक नागरिक घडवते, संध्याकाळी क्लासमध्ये गणित शिकवून खोलीचे भाडे भरते.

तुमच्या खात्याला शिकवलेले चालत नाही, फोटो चालतो. झाड लावताना फोटो, हात धुताना फोटो, आता मुले पृथ्वीचा गोल हातात घेऊन फोटो. गोल आमच्याकडे एकच आहे. त्याचा अक्ष तुटलाय, सुतळीने बांधलाय.

शनिवारी मी ग्रंथालयाचा तास ग्रंथालयातच घेणार आहे. फोटो येणार नाही. आमची मते जशीच्या तशी जाहीर करा आणि ती ११ मुले मोजा, एवढे केलेत तर पुढचे बोलू. नोटीस पाठवायची असेल तर मी दुपारच्या सत्रात शाळेतच असते. मतदार यादीचे काम नसेल तर.

आपली,
एक सहायक शिक्षिका, नवी मुंबई