भुई आवळ्याची बाटली

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

आई, काल तू म्हणालीस, "तुझ्याच संशोधनातलं औषध आणलंय गं बाबांसाठी," तेव्हा मी बसमध्ये होते, म्हणून नुसतं हं हं केलं. फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून विषय संपवतात, तेव्हा लिहूनच पाठवते. शेजारच्या काकूंनाही वाचून दाखव, टीबीच्या गोळ्यांनी बाबांचं यकृत बिघडू नये म्हणून ही भुई आवळ्याच्या रसाची बाटली त्यांनीच सुचवलीय ना!

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते ऐका. पांढऱ्या उंदरांना आठवडाभर आधीपासून भुई आवळ्याचा अर्क पाजतो. टोकाला बारीक गोळी असलेली वाकडी सुई तोंडातून सरळ पोटापर्यंत. मग पॅरासिटामॉलचा जबर डोस. धडधाकट यकृत गडद तपकिरी-लाल असतं, बिघडलेलं फिकट, पिवळसर डागांचं. अर्क मिळालेल्यांचं यकृत खरंच बरं दिसतं. पण हिशेब बघा. पॅरासिटामॉल किलोमागे २ ग्रॅम देतो. नुसतं वजन धरलं तर बाबांच्या ६० किलोला १२० ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या २४० गोळ्या! अर्क किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम, तोही सुकवलेला. बाटलीतला दोन चमचे रस त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

शिवाय बाबा पॅरासिटामॉल कुठे घेताहेत? त्यातून तयार होणाऱ्या विषाचा निपटारा यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य करतं. ते संपलं की पेशी मरतात. वनस्पतींचे अर्क बहुतेक तिथे हात देतात. टीबीच्या आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइडचा त्रास वेगळ्या वाटांनी होतो. एकाच गोळ्या, पण कुणाला बाधतील हे बरंचसं ज्याच्या त्याच्या शरीरावर ठरतं. उंदरावर एका विषाला चाललेला अर्क माणसात दुसऱ्याला चालेल, असं मी तरी कुठे लिहून देणार नाही.

वनस्पती कुचकामी आहेत असं मात्र नाही हं. युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्यांना एका काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिबिनिन शिरेतून देतात. पण ते शुद्ध केलेलं, मोजून, दवाखान्यात. उलट गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, झाड ओळखण्यातच गफलत असेल म्हणाले. तसं असेल तर आणखीच पंचाईत, कारण काकूंच्या बाटलीत काय आहे ते कोण ओळखणार?

आणि सुंठ-मिरे-पिंपळीचा काढाही सध्या बंद. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे रिफाम्पिसिन रक्तात जास्त उतरतं. त्याच्याच जोरावर जम्मूच्या शास्त्रज्ञांनी ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिनची गोळी काढली. आमटीतल्या मिऱ्याला माझी ना नाही.

बाबा, लघवी केशरी झाली म्हणून घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. काविळीसाठी डोळे बघायचे, आईने, सकाळी खिडकीशी उभं करून. जेवण नकोसं झालं, मळमळ, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. त्रास होत असताना एसजीपीटी (रक्तातली यकृताची तपासणी) नेहमीच्या तिपटीवर, किंवा त्रास नसतानाही पाचपटीवर गेलं, तर ते गोळ्या थांबवतात आणि उतरलं की एकेक करून पुन्हा सुरू करतात. यकृत वाचतं ते असं, वेळेवर थांबवल्याने. पण मनाने एकही गोळी बंद करायची नाही, जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

आई, आता तुझी पाळी. गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी, वर "किडनी साफ राहावी" म्हणून पुनर्नवा. ती गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करते. बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते, त्यात पुनर्नवाही लघवी वाढवणारी. हे सगळं एकत्र उन्हाळ्यात नको. डॉक्टरांना विचारून दुसरं काहीतरी घे आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घे.

बाटली फेकू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा आणि आतापर्यंत किती घेतला तेही सांगा, बाबा, लाजू नका. रिपोर्टचे फोटो दादाकडून पाठवा, दोघांचेही.

तुमची,
मनू