त्याला घरी आणण्याआधी

पुणे,
१२ जानेवारी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. शेल्टरमधल्या त्या सहा वर्षांच्या सेंट बर्नार्ड कुत्र्याचा फोटो तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "डोळे आपल्या राणीसारखेच आहेत रे, आली त्या दिवशीच्या."

एवढं मोठं, वय झालेलं, कुणीतरी टाकून दिलेलं जनावर घरात आणावं का, असं तू विचारलं आहेस. मोत्या गेल्यापासून तुमचं अंगण कसं ओकंबोकं झालंय ते मी दिवाळीत पाहिलंय, म्हणूनच घाईनं 'आण' असं लिहीत नाही. फोनवर मी तुला राणीचं सगळं चांगलंच सांगत आलो. उरलेलं आज सांगतो.

ती आली तेव्हा साधारण पाच वर्षांची होती. ग्रेट डेन या दांडग्या जातीची मादी, पन्नास किलोच्या आसपास भरायला हवी. शेल्टरच्या काट्यावर भरली चौतीस. बरगड्या मोजता येत होत्या, कोपरांना काळे घट्टे, सड लोंबलेले. पिल्लं विकणाऱ्या कुणीतरी तिला वर्षानुवर्षं वापरली आणि काम संपल्यावर हायवेच्या कडेला सोडून दिली. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे एका मादीची जन्मात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, वर्षात एकच. पण पिंजऱ्यामागे जाऊन बघतो कोण? आणि जनावर असं टाकून देणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपये! तीन वर्षं झाली, अजून हा आकडा लिहिताना संताप होतो.

पहिले तीन दिवस ती बाथरूमच्या कोपऱ्यातून हलली नाही. सगळा जन्म सिमेंटवर गेलेला, आमच्या गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकायचे, आणि एकदा घसरली की थरथरत जागीच उभी राहायची. मग घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सतरंज्या आणि चटया अंथरून बाथरूमपासून दारापर्यंत वाट केली. त्या वाटेवरून ती चालायची, बाहेर पाऊल टाकायची नाही. आमच्यासमोर जेवायची नाही. थाळी ठेवून, दिवा मालवून आम्ही आतल्या खोलीत गेलो की मग खाण्याचा आवाज यायचा. फाटकाची कडी वाजली की उभ्या जागी लघवी व्हायची. शेल्टरच्या ताईंनी सांगितलं होतं: तीन दिवस भेदरलेली राहील, तीन आठवड्यांत घराची रीत कळेल, तीन महिन्यांत घर आपलं वाटेल. आम्हाला सात महिने लागले. मधे एकदा, पाचव्या आठवड्यात, मी हिला म्हणालोही की आपल्याला हे जमणार नाही, परत देऊया. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्यावरही असा दिवस येईल. आला तर त्या दिवशी काही ठरवू नकोस, मला फोन कर.

दुसऱ्या महिन्यात ही बाजारातून एक रबरी खेळणं घेऊन आली, दाबलं की चीं चीं वाजणारं. राणीनं ते खेळायला घेतलंच नाही. आवाज ऐकल्याबरोबर ताडकन उठली, दातही न लावता हलकेच उचललं आणि बाथरूमच्या कोपऱ्यात नेऊन पोटाशी घेतलं. मग चाटत बसली. रात्रभर. कुणी जवळ गेलं की अंगाखाली दडवायची. दुसऱ्या दिवशी तिच्या सडांना दूध आलं.

आईला कुत्र्याची भीती, तुला ठाऊक आहे. लहानपणी चावलं तेव्हा पोटात घेतलेली चौदा इंजेक्शनं ती अजून विसरलेली नाही. राणी आल्यापासून ती स्वयंपाकघराबाहेर पडायची तर हातात लाटणं घेऊन. त्या दिवशी ती बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली, लाटणं नव्हतं. बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "हिची पोरं कुठं गेली रे?" मला काय सांगता येणार होतं? ती तिथंच उंबऱ्यावर बसली, गुडघे दुखत असतानाही. त्या दिवसापासून राणीला थाळी आईच वाढते.

डॉक्टर म्हणाले, गर्भ नसताना असं होतं, माद्यांमध्ये नवल नाही. ते खेळणं ती फिरायला गेलेली असताना हळूच काढून घ्यायला सांगितलं. परतल्यावर तिनं दोन दिवस घर हुंगून काढलं. ते दोन दिवस फार वाईट गेले. दूध पूर्ण आटल्याशिवाय गर्भाशय काढायचं नसतं, म्हणून आम्ही तीन महिने थांबलो आणि त्याच भुलीत पोटाचंही ऑपरेशन करून घेतलं.

हे पोटाचं नीट वाच, कारण तुमच्या त्यालाही लागू आहे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूनं फुगतं आणि कधी कधी स्वतःभोवती पिळा घेतं. रक्त अडतं, आणि काही तासांत सगळं संपतं. पोट टम्म दिसतं, जनावर अस्वस्थ फेऱ्या मारतं, ओकारीचा जोर करतं पण फेसाशिवाय काही पडत नाही. असं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी गाडी काढायची. त्यासाठी नागपुरात रात्री उघडा असणारा दवाखाना आत्ताच शोधून ठेव. राणीचं जठर टाके घालून पोटाच्या भिंतीला कायमचं बांधलंय, म्हणजे पिळा सहसा पडत नाही. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल विचार. जेवण दिवसातून एकदाच ढीगभर न देता दोन-तीनदा थोडं थोडं, आणि जेवणाआधी नि नंतर तासभर पळापळ नाही. थाळीसाठी उंच स्टँड घेऊ नकोस. मी कौतुकानं घेतला होता. मग डॉक्टरांनी सांगितलं की अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं सोळाशेहून जास्त मोठ्या कुत्र्यांवर नजर ठेवून २००० साली अहवाल दिला, त्यात उंचावरून खाणाऱ्यांत हा धोका वाढलेलाच दिसला.

आता तुमचा उन्हाळा. या जातीचा जन्म आल्प्समधल्या २४६९ मीटर उंचीच्या खिंडीतला, मठातल्या संन्याशांबरोबर बर्फात हरवलेल्यांना शोधणारी ही कुत्री. त्यांना विदर्भात आणायलाच नको होतं, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण तो आलेला आहे. सहा उन्हाळे त्यानं कुठल्याशा गच्चीवर काढलेत, सातवा तो शेल्टरच्या पत्र्याखाली काढणार की तुझ्या कूलरसमोर, एवढंच आता आपल्या हातात आहे. मार्च ते जूनमध्ये फिरणं पहाटे साडेपाचच्या आत, नाहीतर रात्री रस्ता गार झाल्यावर. आधी हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून बघ. अंगावरचे केस मुळापासून भादरू नकोस, त्यानं ऊन जास्तच लागतं, रोज विंचर. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक दिसल्या, तोल जायला लागला तर अंगावर नळाचं पाणी ओतत राहा, पंखा लाव आणि तसंच दवाखान्यात ने.

शेल्टरमध्ये एका भेटीत ठरवू नका. तीन-चारदा जा, वहिनींच्या हातात पट्टा देऊन फिरवून बघा. माणूस थाळीजवळ गेलं तर तो कसा वागतो, लहान मुलांशी कसा, हे तिथल्या रोज खायला घालणाऱ्या माणसाला विचार. त्याला सगळ्यात जास्त माहीत असतं. गोचीडतापाची रक्ततपासणी आणि खुब्यांचा एक्स-रे घरी आणण्याआधीच करून घ्या. राणीच्या रक्तात गोचीडताप निघाला, अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. खर्चाचं विचारलंस, तर खाणं आणि औषधं धरून माझे महिन्याला आठ-नऊ हजार जातात. तुमचा तो केसाळ, त्याचं थोडं जास्तच धर.

'राहिलीच किती वर्षं,' असं वहिनी म्हणाल्याचं लिहिलंस. खरं आहे. ही जात आठ-दहा वर्षांची, म्हणजे दोन, फार तर चार. राणी आता आठची होईल, डेनमध्ये ही म्हातारीच. मागचे पाय सकाळी उठताना अडतात, मी पोटाखालून पंचा घालून उचलतो. हल्ली तिच्याकडे बघताना माझ्याही पोटात गोळा येतो, खोटं कशाला सांगू? पण परवा दुपारी ती आईच्या खाटेशेजारी फरशीवर चारी पाय ताणून, पोट वर करून घोरत होती. फाटकाची कडी वाजली. तिनं एक कान हलवला आणि पुन्हा झोपली. आईनं मला हाक मारून दाखवलं.

आणायचाच तर फेब्रुवारीत आण, उन्हाच्या आधी त्याला महिनाभर तरी घर ओळखीचं होईल. मी चार दिवसांची रजा टाकून येतो, पहिल्या रात्री तुमच्याकडे असेन. फक्त एक काम लगेच कर. पुढच्या भेटीत टेप घेऊन जा आणि त्याचं नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतचं माप घेऊन कळव. आईनं जुनी दोन लुगडी काढून ठेवली आहेत, गोधडी केवढी धरायची म्हणून रोज विचारते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शाळेपासूनचा बाकसोबती