सिस्टर, त्या रात्री तुम्ही माझी नाडी धरली त्याबद्दल

सिस्टर, नमस्कार.

तुम्ही पुण्याला लेकीकडे गेल्यापासून मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा आभार म्हणायला गेली की तुम्ही "गोळी घेतली का" म्हणून विषय बदलला, म्हणून आता इथे सगळ्यांसमोरच लिहून राहिली आहे, दुसऱ्या बायांच्याही कामी येईल.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक तापाचे दिवस, सुरू होता, आठवतं नं? रात्रीचे अडीच-तीन, लाईट गेलेली, कूलर बंद, आणि मी जिन्याच्या पायरीवर छाती धरून बसली होती. आधी गळ्यापासून वर वाफ चढली, गाऊन पाठीला चिकटला आणि मग अशी धडधड सुटली की कानात ऐकू येत होती, मधेच ठोका चुकल्यासारखा व्हायचा न् पुढचा धाडकन बसायचा. तुम्ही गरमीमुळे खाली ओट्यावर येऊन बसल्या होत्या, टॉर्च घेऊन वर आल्या, बाजूला टेकल्या आणि पहिले माझं मनगट धरलं. अंगठ्याच्या खाली तीन बोटं, टॉर्चचा उजेड घड्याळावर, आणि पूर्ण एक मिनिट तुम्ही एक शब्द बोलल्या नाही. मग म्हणाल्या, "104. आणि तीन ठोके लवकर आले."

सिस्टर, चार महिन्यांत माझ्यावर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस होतं. त्याआधी एका डॉक्टरांनी बीपी बघून "या वयात होतं, टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची गोळी लिहून दिली होती, घरी सगळे म्हणत की मी मनाला लावून घेते, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तुम्ही मात्र चक्कर येते का, छातीत, जबड्यात, पाठीत दुखतं का, दम लागतो का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, सगळं एकेक करून विचारलं. आणि बजावलं की यातलं काही झालं, किंवा धडधड थांबायचं नावच घेत नसेल, तर कोणाची वाट बघायची नाही, सरळ 108 ला फोन लावायचा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पोराच्या जुन्या वहीत रकाने आखून दिले: वेळ, ठोके, किती वेळ चाललं, त्याआधी काय करत होती, काय खाल्लं-प्यायलं, पाळी कधी आली. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर गडबडीचा ठोका हातालाच लागत नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलं. आणि ठोका चुकतच नाही हेही तेव्हाच कळलं मला. तो वेळेच्या आधी येऊन जातो, मग हृदय थोडं जास्त थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका छातीवर आदळतो. हे समजल्यावर माझी अर्धी भीती तिथेच गेली, खरंच सांगते.

तीन आठवड्यांनी वही घेऊन तुमच्याकडे बसली तेव्हा तुम्ही बोट ठेवून ठेवून दाखवलं. रात्रीची धडधड बहुतेक वाफेसोबतच येत होती. पाळी पूर्ण 12 महिने आली नाही की मग मेनोपॉज म्हणतात, पण त्याच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन खाली-वर होतं, मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र नाजूक होऊन जातं, अंग गार करायला कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदय मिनिटाला 8 ते 16 ठोके जास्त टाकू शकतं. एकादशीच्या दिवशी तर धडधड हमखास, कारण दिवसभर उपाशी आणि वरून पाच-सहा कप चहा. पण पायऱ्या चढतानाची वेगळी होती, ती तुमच्याच नजरेला पडली. "पाळी वीस-वीस दिवसांनी येते, आठ-आठ दिवस जाते, हिमोग्लोबिन केव्हा पाहिलं?" मी कधीच नव्हतं पाहिलं.

8.4 निघालं, म्हणजे रक्त बरंच कमी, म्हणूनच पायऱ्या चढताना हृदयाला जास्त धावावं लागत होतं.

धंतोलीतल्या डॉक्टरांकडे तुम्ही सोबत आल्या, ऑटोत मागे बसून माझी फाईल मांडीवर धरून. ईसीजी नॉर्मल आला तेव्हा मी रडायला आली होती की आता पुन्हा कोणी मानणार नाही, तर तुम्हीच डॉक्टरांना म्हणाल्या की ईसीजी काढताना हिला त्रासच नव्हता, होल्टर लावून बघायचं का? चोवीस तास छातीला पट्ट्या न् कमरेला ठोके नोंदवणारी ती डबी. "झोपून राहू नको, रोजच्यासारखी पोळ्या लाट, जिना चढ, तेव्हाच खरं पकडल्या जाईल," हे तुमचंच. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात, माझ्यात तीनशेच्या वर लवकर येणारे निघाले, थायरॉइड बरोबर, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी चांगली, डॉक्टर म्हणाले धोक्याचं नाही. मग स्त्रीरोगवाल्या मॅडमकडे सोनोग्राफी झाली, रक्तस्राव कमी करायचं औषध सुरू झालं, हार्मोनच्या गोळ्यांबद्दलही त्यांनी नीट समजावलं, पण सध्या मी त्या घेत नाही आहे.

आयर्नची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहापासून लांब. चहा दोनच कप. सर्दीची गोळी मनाने घ्यायची नाही, काहींनी ठोके वाढतात. खर्रा, ते तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तर बायांनीसुद्धा सोडायलाच पाहिजे, आपल्याकडे कितीजणी लपून खातात. आणि धडधड सुरू झाली की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. तुम्ही पायरीवर माझ्या पाठीवर हात ठेवून ते करवून घेतलं होतं, अजूनही श्वास सोडताना तुमचा तो हात आठवतो मला. पाळी गेल्यावर बायांमध्ये हार्टच्या आजाराचं प्रमाण वाढतं म्हणून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा बघायचं, तेही लिहून ठेवलं आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. माझी आई नागपुरातल्या महाल भागातल्या घरी अशीच रात्री उठून अंगणात बसायची, पदराने वारा घेत, एक हात छातीवर. मी तेव्हा कॉलेजात होती. आम्ही म्हणायचो आईला झोप येत नाही. कोणी तिचं मनगट धरलं नाही सिस्टर, मीसुद्धा नाही. वहीचे रकाने भरताना ती फार आठवायची.

मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन 11.6 आलं. महिन्यातून एखाद-दोन वेळा अजून धडधडतं, पण मी आता उठून घड्याळ घेते न् मोजते. आणि परवा सावनेरहून वहिनीचा फोन आला, तिचंही तेच सुरू आहे, तर फोन चालू ठेवून तिला नाडी धरायला लावली. पहिले तिला सापडतच नव्हती, मग एकदम म्हणाली, "हो हो, लागली हाताला." मिनिटभर आम्ही दोघी गप्प. 92 निघाले. सोमवारी ती हिमोग्लोबिन तपासून घेणार आहे.

दिवाळीत येणार म्हणाल्या होत्या नं, तारीख कळवा, स्टेशनवर मीच येते घ्यायला. आणि तुमच्या गुडघ्याचा एक्सरे काढला का ते सांगा, या वेळी विषय बदलायचा नाही.

तुमची,
दुसऱ्या माळ्यावरची