आधी पावती, मग प्लॅटफॉर्म

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उद्योगविषयक पानावरच्या तरुण उद्योजकांच्या मुलाखती मी आवर्जून वाचतो. सॉफ्टवेअर कंपनी काढलेली बरीच मुलं त्यात सांगतात, "आधी प्लॅटफॉर्म उभा करतोय, मग त्यावर एकेक प्रॉडक्ट आणू." वाचून काळजी वाटते, कारण याच क्रमापायी आमची सव्वा वर्षं गेली.

सांगली जिल्ह्यात आम्ही सहा जण सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीला वाटलं, दूध संस्था काय, पतसंस्था काय, विकास सोसायटी काय, सगळीकडे सभासद, खाती आणि वसुलीच. मग सगळ्यांना चालेल असा एकच पाया, म्हणजेच प्लॅटफॉर्म, बांधायला घेतला. कोणाला कोणते अधिकार, शाखांची रचना, हवा तसा रिपोर्ट काढायची सोय, सगळं केलं आणि एका दूध संस्थेत नेऊन बसवलं.

पहाटे साडेपाचची वेळ. दारात किटल्या घेऊन पंचवीस-तीस माणसं. एका पावतीसाठी आधी शाखा निवडायची, मग सकाळ-संध्याकाळ, मग सभासद. वजन आणि फॅट हाताने टाकायचं, कारण काटा आणि फॅट मशीन कॉम्प्युटरला जोडण्याचं काम आम्ही शेवटी ठेवलं होतं. रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरांनो, शेण तसंच टाकून आलेय, आवरा लवकर." पाचव्या सभासदाला सचिवांनी कीबोर्ड सरकवला आणि वही उघडली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मग सगळं बाजूला ठेवून फक्त पावती केली. काट्यावरचं वजन आणि मशीनवरचे फॅट-एसएनएफ (दुधातले स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ) आपोआप यावेत, दरतक्त्यातून दर निघावा आणि कागद हातात पडावा, एवढंच. दहा दिवसांचं बिलसुद्धा नंतर आलं. दुसऱ्या संस्थेत म्हशीचं दूध जास्त, तिथला तक्ता वेगळा. तिसरीकडे पशुखाद्याची उचल बिलातून कापायची होती. तिन्हीकडे जे खरोखर सारखं निघालं, ते वेगळं काढलं आणि त्यालाच पाया केलं. आमचं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आज त्यावरच उभं आहे.

मात्र पाया अजिबात नको, असं मी म्हणत नाही. त्या घाईत आम्ही आणखी एक चूक केली. बिल झालं की गाय-म्हैस एकत्र बेरीज ठेवायची आणि रोजच्या नोंदी काढून टाकायच्या, असं केलं होतं. दिवाळीला संस्थेने गाईच्या आणि म्हशीच्या दुधाचा दरफरक (आधी घातलेल्या दुधावर मागाहून दिली जाणारी जादा रक्कम) वेगवेगळा जाहीर केला, आणि आमच्याकडे हिशेबाला काहीच नव्हतं. पावत्यांच्या स्थळप्रती काढून तीन रात्री आकडे भरत बसलो. नोंद पुसायची नाही, चुकली तर उलटी नोंद करायची, हा नियम पहिल्याच दिवशी हवा होता. जे मागाहून बदलता येणार नाही तेवढंच आधी पक्कं करावं. रंगीत आलेख आणि रिपोर्ट थांबू शकतात.

मुलं अ‍ॅमेझॉनचं नाव प्लॅटफॉर्मचा दाखला म्हणून घेतात. पण अ‍ॅमेझॉनने पुस्तकं विकायला सुरुवात केली १९९५ मध्ये, आणि इतर कंपन्यांना डेटा साठवायला जागा देणारी एस-थ्री ही सेवा आली मार्च २००६ मध्ये. आपल्याकडेही आयएमपीएस या बँकांमधल्या तत्काळ पैसे पाठवायच्या सेवेने मोबाइलवरून पैसे पाठवणं २०१० मध्ये सुरू झालं. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तेही आयएमपीएसच्याच पायावर.

ही मुलं हुशार आहेत आणि बहुतेकांनी घरच्यांचे पैसे यात घातलेले असतात. कर्ज आणि अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्यांनी त्यांना 'तुमचा प्लॅटफॉर्म किती मोठा होईल' एवढंच विचारून सोडू नये. आपल्या प्रतिनिधींनाही विनंती आहे, पुढच्या मुलाखतीत विचारावं: आज हे कोण वापरतं, कुठल्या गावात, आणि सकाळी किती वाजता?

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, सांगली