गणपतीला येताना एक चुंबकीय क्षेत्र मोजायचा मीटर आणि बाळांचे दोन वजनकाटे आणा

गावकरी आणि चाकरमानी मंडळींना आरोग्य समितीची विनंती.

वरच्या वाडीच्या कडेने २२० केव्हीची विजेची लाइन गेली आहे. तिथल्या गरोदर बायकांना कुणीतरी मोबाइलवरचं ॲप दाखवतं, त्यात ४० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं माप) दिसतात आणि पोटातल्या बाळाला लाइन बाधेल या भीतीने घर हादरतं. तो आकडा पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाचा. पुळणीवर जाऊन बघा, तिथेही तेवढाच येईल. तारेभोवतीचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं. ते मोजायला वेगळं यंत्र लागतं.

भीती अगदीच हवेतली नाही. वायव्य इंग्लंडमधल्या जन्मनोंदींच्या २०१४ च्या अभ्यासात उच्च दाबाच्या लाइन, टॉवर किंवा सबस्टेशनपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी २१२ ग्रॅमने कमी आढळलं. इतर कारणं काटेकोर वगळल्यावर फरक बराच कमी झाला, आणि मुदतीआधीच्या बाळंतपणांत ठळक वाढ दिसली नाही. म्हणून घर सोडून जायची घाई नको. मोजून बघू.

मीटर तीन अक्षांचा (तिन्ही दिशांचं क्षेत्र एकदम मोजणारा), ५० हर्ट्झ पकडणारा आणि ०.०१ मायक्रोटेस्लापर्यंत वाचणारा हवा. एका अक्षाचा स्वस्त मीटर हातात जरा फिरला की आकडा बदलतो, मग भांडणं. मोजणी संध्याकाळी ७ ते १०, गादीच्या उंचीवर. क्षेत्र व्होल्टेजवर नाही, करंटवर ठरतं, आणि भार तेव्हा जास्त असतो. एकदा मेन स्विच चालू ठेवून, एकदा बंद करून. बंद केल्यावर आकडा उतरला तर दोष घरातला: उशाशी मीटर बोर्ड, भिंतीपलीकडे फ्रिज. चिऱ्याची भिंत हे क्षेत्र अडवत नाही. पलंग दीड मीटर सरकवला की बहुतेक काम होतं. बंद करूनही उतरला नाही, तर बाहेरची लाइन, नाहीतर गंजलेला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार. खाऱ्या वाऱ्याने जोड सैल पडला की परतीचा करंट जमिनीतून किंवा नळाच्या पाइपातून वाट काढतो, जाणाऱ्या-येणाऱ्या तारांची क्षेत्रं एकमेकांना खोडत नाहीत आणि आकडा चढतो. तिथे वायरमनलाच बोलवायचं, बोर्डात हात घालायचा नाही.

वजनकाटे बाळांचे, डिजिटल, १० ग्रॅमचा फरक दाखवणारे. १०० ग्रॅमच्या खुणांच्या स्प्रिंगकाट्यावर २,४६० आणि २,५०० मधला फरक कळत नाही, आणि जन्मताना २,५०० ग्रॅमच्या खालचं बाळ म्हणजे कमी वजनाचं. सोबत एक किलोचं प्रमाणित वजन द्या. दमट हवेत काट्यांचे आकडे चुकायला लागतात, आशाताईंना ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या भेटीआधी तपासून घेता येईल. वजन कमी भरण्यामागे आईचं हिमोग्लोबिनही असतं, ११ च्या खाली असेल तर गोळ्यांची चौकशी आधी.

रोख पैशांपेक्षा वस्तू द्या, बिलासकट. ‘लहरी शोषणारे’ स्टिकर आणि पेंडंट आणू नका, मागे पाठवू. मीटर घेऊन संध्याकाळी फिरायला चार तरुणही हवेत. वस्तू ग्रामपंचायतीत जमा करून पावती घ्यावी. हिशेब २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत. नोंदवहीत घराचं नाव लिहिणार नाही, फक्त लाइनपासूनचं अंतर, वेळ आणि आकडा.