मॉडेल नेमकं काय शिकलं?

'एआय डॉक्टरांची जागा घेणार का?' ही चर्चा वाचली. छातीच्या एक्स-रेवरून आजार ओळखणाऱ्या एआय मॉडेलवर पीएचडी करते आहे, म्हणून चार ओळी.

पहिलं वर्ष अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१७ मध्ये खुल्या केलेल्या १,१२,१२० एक्स-रेंवर मॉडेलला शिकवण्यात गेलं. निकाल झकास. मग इथल्या एका रुग्णालयातले एक्स-रे मिळाले. काही तर फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो होते. मॉडेल साफ आपटलं. निर्णय घेताना ते एक्स-रेत कुठे बघतंय, हे रंगवून पाहिलं (जिथे जास्त लक्ष, तिथे लाल), तर लाल डाग फुप्फुसावर नव्हताच, कोपऱ्यातल्या शिशाच्या 'एल' अक्षरावर होता! तिथल्या टेक्निशियन काकांनी एका नजरेत सांगितलं, 'अहो मॅडम, ही खूण पोर्टेबल मशीनची. पेशंट उठू शकत नाही, तेव्हा मशीन खाटेपाशी नेतो.' म्हणजे मॉडेलने आजार नव्हे, मशीन ओळखलं होतं. वर्षभर माझ्या हे लक्षात आलं नाही, मार्गदर्शकांच्याही नाही.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, हे उत्तमच. पण विद्यापीठांनी एवढं करावं: या विषयातल्या प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला, संगणकाला हात लावण्याआधी, निदान तीन महिने एक्स-रे विभागात बसवावं. काकांच्या शेजारी.

— एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे