रोबोच्या पेटीतनं निघालेला कॉम्प्रेसर

प्रिय दोस्ता,

काय गा, कसा हैस? बेंगलोरला पाऊस काय म्हणतोय? हितं खानापूर साइडला नुसती झड लागलीय, जांबोटी रोडला भर दुपारी लाइट लावून गाड्या चालायलेत. फोनवर अर्धंच बोलणं झालं म्हणून आता निवांत बसून सगळं लिहायलोय.

आपल्या रोबोकॉनची, त्या कॉलेजच्या रोबो स्पर्धेची, पेटी माळ्यावरच होती की, ती शेवटी उघडलो. १२ व्होल्टचा तो छोटा पिस्टन कॉम्प्रेसर, गेज, रेग्युलेटर, प्रेशर स्विच, ६ एमएमची निळी ट्यूब, पुश फिटिंगा, सगळं जसंच्या तसं. त्यातनं हातात धरून शेतात नेता येईल असा हवेचा कॉम्प्रेसर उभा केलोय. कशाला ते तुला माहीतच हाय, ऊस तोडायचा सीझन लागला की ट्रॉली फडातच बसते, पंक्चरवाला मेन रोडला, चाक काढून गाडीवर घालून न्यायचं आणि परत आणायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, तोडणीची माणसं बांधावर बसून. पंक्चर काढायला आपल्याला येतंय, अडतंय ते नुसत्या हवेवर.

आता टाकीचं ऐक, सगळ्यात जास्त डोकं तिथंच लावलो. रोबोला आपण कोल्ड्रिंकच्या बाटल्या लावायचो, लई टीम लावायच्या, ३ मिनिटांची मॅच आणि ६ बार प्रेशरची लिमिट, तेवढ्याला चालून जायचं. खरं हे यंत्र उन्हातान्हात ट्रॅक्टरमागं आदळत फिरणार, घरातलं कोण पण हात लावणार, तिथं बाटली नको म्हणजे नको. गल्लीतली पोरं कुठला तरी व्हिडिओ बघून पीव्हीसी पाइपची टाकी करूया म्हणून मागं लागलेली. त्यांना बसवून सांगितलो, पाइपावर जे प्रेशर छापलेलं असतं ते पाण्याचं, पाणी दाबलं तरी दबत नाही म्हणून पाइप चिरला की प्रेशर तिथल्या तिथं संपतं, हवा तशी नाही, ती दाबून कोंडलेली असते, वाट मिळाली की कैक पटीनं फुगते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे चारी बाजूला उडवते. हे मी तुला पण सांगून ठेवतो कारण तुला कोण ना कोण विचारणारच.

मग भंगारवाल्याकडनं जुन्या गाडीच्या एअर ब्रेकची लहानातली लहान लोखंडी टाकी आणलो, पाच एक लिटरची. ती काय तशीच नाही जोडली. उद्यमबागला, कारखान्यांच्या भागात, घेऊन गेलो, आपलं बेळगाव हायड्रॉलिक्सचं गाव, तिथं असल्या कामाला माणूस शोधावा लागत नाही. टाकी पाण्यानं गच्च भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपानं प्रेशर चढवायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह ७ बारचा बसवायचा म्हणून दीडपट, साडेदहा बारला नेऊन तसंच धरून ठेवलो. गेजचा काटा हलतोय का बघत दोघं तिघं उभे, वर्कशॉपवाला वेल्डिंगवरनं बोट फिरवत होता, कुठं ओल येते का म्हणून. काटा हलला नाही बघ, जीव भांड्यात पडला.

फिटिंगांच्या आट्यांचं एक लक्षात ठेव. आपला कॉम्प्रेसर अमेरिकन घाटाचा, त्याचा पाव इंची आटा एनपीटी म्हणजे अमेरिकन मापाचा, हितं बाजारात मिळतं ते सगळं बीएसपी, ब्रिटिश मापाचं. एकाला इंचाला १८ आटे, दुसऱ्याला १९, आट्याचा कोन पण वेगळा. दोन-चार फेरे आत जातंय म्हणून बसलं असं वाटतं, टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळ, साबणाचं पाणी लावलं की फेस येणारच. लेथवर एक पितळी अडॅप्टर करून घेतलो, विषय संपला.

कॉम्प्रेसरच्या तोंडाला निळी ट्यूब लावू नकोस, दाबलेली हवा लई गरम येते आणि प्लास्टिक मऊ पडतं. तिथं तांब्याच्या नळीचं वेटोळं दिलोय, हवा थंड होते. मग हवा मागं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, मग टाकी. प्रेशर स्विच ६ बारला मोटर बंद करतो, साडेचारला चालू, खरं मोटरचा करंट थेट त्याच्यातनं नाही, मध्ये गाडीचा रिले, जादा करंट सोसणारा स्विच, हाय, नाहीतर डीसीच्या ठिणगीनं कॉन्टॅक्ट जळतात. वायर जाड घेतलो. आणि टाकीच्या एकदम खालच्या अंगाला ड्रेन कॉक, असल्या पावसाळी हवेत संध्याकाळी उघडला की तांबूस पाणी निघतंय, ते आत राहिलं तर टाकी आतनं गंजून पातळ होणार.

चालतंय कसं विचारशील तर मोटरसायकलच्या चाकाला भरलेल्या टाकीवरच भागतं. ५ लिटरमध्ये ६ बार म्हणजे साधी हवा ३० लिटर, त्यातली वापरायला मिळते वीसभर. ट्रॅक्टरचं मागचं चाक म्हणजे दोनशे लिटरच्या घरातलं, तिथं टाकीचा काय उपयोग नाही, मोटर चालू ठेवून बसावं लागतंय आणि मध्ये मध्ये थंड करावी लागते. एअर फिल्टर आणि रेडिएटरची जाळी हवा मारून साफ करायला मात्र एक नंबर, काका रोजच काढायलेत.

मला लई बरं वाटतंय गा. रात्र रात्र जागून आपण जोडलेलं सामान माळ्यावर सडत पडलेलं बघवत नव्हतं.

आता काम. तुझ्या निपाणीच्या घरी पत्र्याच्या डब्यात अजून एक रेग्युलेटर आणि दोन गेज हाईत, मला पक्कं आठवतंय. घरी सांगून ते बेळगावच्या बसला ठेवायला लाव, मी स्टँडवर जाऊन घेतो. शेजारच्यांना पण एक पाहिजे हाय, टाकी बघून ठेवलोय, टेस्ट झाल्याशिवाय जोडणार नाही. आणि ट्रॉलीच्या चाकाला हवा जास्त लागते, त्याला दोन कॉम्प्रेसर एकाच टाकीला जोडले तर बॅटरी किती टिकेल ते जरा हिशेब करून कळव, तुझा हात त्यात माझ्यापेक्षा चांगला.

घरच्यांना नमस्कार सांग, बारक्याला पापा.

तुझाच,
माळ्यावरचा पार्टनर